आईला एचआयव्ही आहे; बाळाला होऊ नये म्हणून काय काय लागतं?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. आईला एचआयव्ही आहे म्हणजे बाळालाही होणारच, असं अजिबात नाही. आईने काहीच औषध घेतलं नाही तरी 100 बाळांपैकी 15 ते 45 बाळांना लागण होते, बाकीची सुटतात. आणि आई वेळेत औषधावर आली, रोज न चुकता गोळी घेत राहिली, तर हाच आकडा शंभरामागे दोनाच्याही खाली येतो. हे औषध सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, फुकट मिळतं. आपल्याकडे एचआयव्हीचं मोफत औषध 2004 साली सुरू झालं. नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आज ते रोज वाटलं जातं.

म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या बाळाला आज एचआयव्ही झाला, तर औषधच नव्हतं असं कुणाला म्हणता येणार नाही. औषध होतं. ते त्या आईपर्यंत, त्या बाळापर्यंत, त्या त्या आठवड्यात पोचलं नाही, एवढंच. हे न पोचणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. नाशिक शहरात गंगापूर रोडला राहणाऱ्या बाईचा पाठपुरावा सुटणं अवघड आहे. सुरगाणा तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरून द्राक्षबागेत मजुरीला आलेल्या बाईचा तो सहज सुटतो. एचआयव्हीबद्दल लिहिताना मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच.

पण आधी विषाणू बाळापर्यंत जातो कसा, ते बघू.

तीन वाटा

पोटात असताना आईचं आणि बाळाचं रक्त एकत्र होत नाही. मधे वार, म्हणजे प्लासेंटा, असते. अन्न, प्राणवायू पलीकडे जातो, विषाणू बहुतेक वेळा अलीकडेच अडतो. आईच्या रक्तात विषाणू फार वाढलेला असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या आजाराने वारेला इजा झाली असेल, तर मात्र तो पलीकडे जाऊ शकतो. दुसरी वाट बाळंतपणाची. त्या काही तासांत बाळाचा आईच्या रक्ताशी आणि योनीमार्गातल्या स्रावांशी थेट संबंध येतो, म्हणून थोड्या वेळात सगळ्यात जास्त धोका इथेच असतो. तिसरी वाट अंगावरच्या दुधाची. इथे रोजचा धोका लहान असतो, पण पाजणं महिनोन् महिने चालतं, त्यामुळे तो साठत जातो.

तिन्ही वाटांवर एकच गोष्ट निर्णायक ठरते: आईच्या रक्तात विषाणू किती आहे. त्या मोजणीला व्हायरल लोड म्हणतात. गोदेला पूर आला की नाशिककर किती क्युसेक सोडलं हे नंतर विचारतात, आधी विचारतात, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलंय? पायाशी असेल तर पुढच्या गल्ल्या निर्धास्त असतात, गळ्याशी आलं की दुकानं रिकामी व्हायला लागतात. व्हायरल लोडचा आकडा तसाच वाचायचा. औषध नियमित असेल तर तो इतका खाली जातो की चाचणीतही सापडत नाही. म्हणून गरोदरपणाच्या शेवटी, साधारण 32 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान, ही तपासणी व्हायलाच हवी. बाळाला जन्मानंतर किती औषध लागेल, हे त्या आकड्यावरून ठरतं.

गरोदरपणातली चाचणी, आणि तिच्यामुळे येणारा आळ

गरोदर बाईची नोंदणी झाली की इतर तपासण्यांबरोबर एचआयव्ही आणि सिफिलिस यांचीही चाचणी होते. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात, काही मिनिटांत कळतं. उपकेंद्रात सिस्टर करतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाचा जो दिवस असतो तेव्हाही होते. त्या चाचणीत काही आढळलं तरी तो शेवटचा निकाल नसतो. आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या किटनी पुन्हा तपासून मगच पक्कं सांगतात. तपासणीला बाईची संमती लागते, आणि निकाल तिचा असतो. सासूचा नाही, आशाताईचा नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गरोदरपणात तपासणी होते ती बाईची. नवरा त्याआधी कुठेच तपासला गेलेला नसतो. त्यामुळे घरात पहिलं नाव तिचं निघतं, आणि लगेच ठरतं की हिनेच आणला. आधी कळलं ते तिचं, एवढाच त्याचा अर्थ. आधी लागण कुणाला झाली, हे त्यावरून ठरत नाही. या एका गैरसमजापायी किती बायकांना पाचव्या महिन्यात माहेरी धाडलं जातं, औषधाची फाइल लपवावी लागते, गोळ्या डाळीच्या डब्यात ठेवाव्या लागतात. नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी म्हणून केंद्रातले समुपदेशक मागे लागतात, ते उगीच नाही.

नवऱ्याच्या तपासणीचं दुसरंही कारण आहे. बाईची चाचणी तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह आली, म्हणजे विषय संपला असं नाही. नवऱ्याला लागण असेल तर तिला सातव्या महिन्यात होऊ शकते, बाळ दूध पीत असताना होऊ शकते. नव्याने लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड वाढतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाचं लक्ष नसतं, कारण कार्डावर निगेटिव्ह लिहिलेलं असतं. ज्या घरात जोखीम आहे तिथे चाचणी पुन्हा करायला हवी.

औषध किती बदललं

1994 साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका अभ्यासाने पहिल्यांदा दाखवून दिलं की गरोदरपणात झिडोव्हुडिन हे एचआयव्हीविरोधी औषध दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटतं. भारतात हा कार्यक्रम देशभर 2002 च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा बाळंतकळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढंच हातात होतं. 2014 पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला, तिची प्रतिकारशक्ती किती आहे हे न बघता, कायमचं औषध सुरू करायचं धोरण आलं. आता बहुतेकांना टीएलडी नावाची गोळी मिळते. तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा. बाळंतपण झालं म्हणून ती थांबवायची नाही.

बाळंतपणासाठी सिझरच करावं लागतं, हाही समज पक्का बसलेला आहे. व्हायरल लोड आटोक्यात असेल तर साधं बाळंतपण होऊ शकतं, आणि सिझर करायचं ते इतर कुठल्याही बाईला ज्या कारणांसाठी करतात त्याच कारणांसाठी. तिच्यासाठी वेगळी खोली, वेगळी खाट, खाटेला लावलेली लाल पट्टी यांची काहीच गरज नसते. हातमोजे आणि निर्जंतुक साहित्य प्रत्येक बाळंतपणात वापरायचंच असतं. तरी रात्री दोन वाजता कळा देणाऱ्या बाईला आज आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे न्या, असं सांगणारे दवाखाने आहेत. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, संमतीशिवाय चाचणी करणं, निकाल फोडणं, हे तिन्ही त्याने बेकायदा ठरवलं आहे. तक्रार ऐकायला राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे.

दूध, गुटी आणि सहा महिने

जन्मल्यावर बाळाला नेविरापिनचं सिरप सुरू करतात, रोज एकदा, किमान सहा आठवडे. आईचा व्हायरल लोड जास्त असेल, किंवा ती अगदी शेवटी औषधावर आली असेल, तर हे औषध बारा आठवड्यांपर्यंत लांबतं आणि जोडीला दुसरंही द्यावं लागू शकतं. ते डॉक्टर ठरवतात.

मग दुधाचा प्रश्न. औषधावर असलेल्या आईने बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजावं, आणि पुढे वरच्या आहारासोबत साधारण वर्षाचं होईपर्यंत चालू ठेवावं, असा आपल्याकडचा सल्ला आहे. हे ऐकून लोक दचकतात. दुधातून विषाणू जातो म्हणता आणि पाजा म्हणता? पण पर्याय काय, ते बघा. डब्याचं दूध स्वच्छ पाण्यात, उकळलेल्या बाटलीत, योग्य मापाने, दिवसरात्र देणं प्रत्येक घराला परवडत नाही. परवडलं नाही की त्यात पाणी वाढतं, बाळाला जुलाब लागतात, आणि बाळ एचआयव्हीने नाही तर जुलाबाने जातं. आई औषध नीट घेत असेल तर दुधातून लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. तो अगदी शून्य होत नाही, म्हणून गोळी चुकवायची नाही.

खरा घोळ होतो तो अर्धं हे, अर्धं ते केल्यावर. पहिल्या सहा महिन्यांत अंगावरच्या दुधासोबत गाईचं दूध, मध, साखरेचं पाणी, ग्राइप वॉटर, किंवा आपल्या घरोघरी उगाळली जाणारी गुटी. बाळाच्या आतड्याचं अस्तर त्या वयात फार नाजूक असतं. बाहेरचं काही पोटात गेलं की त्याला सूज येते, बारीक इजा होते, आणि दुधातून आलेल्या विषाणूला आत शिरायला जागा मिळते. म्हणून नुसतं आईचं दूध या मिश्रणापेक्षा सुरक्षित ठरतं.

डॉक्टरने हे सांगणं सोपं आहे. ज्या घरात आजी तिसऱ्या दिवशी सहाणेवर वेखंड आणि जायफळ घेऊन बसली आहे, आणि सुनेचा आजार घरात कुणालाच माहीत नाही, त्या घरात सुनेने काय म्हणायचं? माझं सांगणं असं की तिने आजाराचा विषयच काढू नये. सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नाही, हा सल्ला सरसकट सगळ्या बाळांसाठी आहे. कार्डावर छापलेला आहे. दीड महिन्याच्या लसीला आजीलाच सोबत न्यावं आणि सिस्टरकडून तिच्यासमोर वदवून घ्यावं. गुपित राहतं आणि गुटीही थांबते.

टाचेतले थेंब

बाळ दीड महिन्याचं झालं की पहिली तपासणी. ही नेहमीच्या किटवर करून उपयोग नसतो. नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात आलेली असतात. ती दीड वर्षापर्यंत बाळाच्या रक्तात राहू शकतात. त्यामुळे निरोगी बाळाचीही साधी चाचणी पॉझिटिव्ह येते. खासगी लॅबमध्ये अशी चाचणी करून कागद हातात घेऊन रडत बसलेले आईबाप या कामातल्या लोकांना नवीन नाहीत.

म्हणून लहान बाळाच्या रक्तात थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधतात. पद्धत बघण्यासारखी आहे. बाळाला आईच्या खांद्याशी उभं धरतात, पाय खाली लोंबता. टाच कोमट कापडाने शेकून रक्त उतरू देतात. टाचेच्या कडेला टोचून येणारा पहिला थेंब पुसून टाकतात. पुढचे थेंब जाड टीपकागदासारख्या कार्डावर छापलेल्या वर्तुळांत एकेक करून पडू देतात. वर्तुळ भरून कागदाच्या पाठीमागेही उमटलं पाहिजे. मग कार्ड काही तास सावलीत आडवं वाळवायचं, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत पिशवीत बंद करायचं आणि प्रयोगशाळेला पाठवायचं. बर्फ लागत नाही, शीतपेटी लागत नाही. पेठ-सुरगाण्यासारख्या ठिकाणाहून नमुना धाडायला याहून सोयीचं काही नाही.

यानंतर 6 महिने, 12 महिने आणि शेवटी 18 महिन्यांना तपासणी असते. दूध तोपर्यंत सुटलं असेल आणि 18 महिन्यांची चाचणी निगेटिव्ह आली, तर बाळाला एचआयव्ही नाही हे पक्कं होतं. दीड महिन्यापासून बाळाला कोट्रायमोक्साझोलही देतात, म्हणजे न्यूमोनियासारखे आजार दूर राहतात.

दीड महिन्याचाच आग्रह का? कारण लागण झालेल्या बाळाकडे वेळ नसतो. मोठ्या माणसात हा विषाणू वर्षानुवर्षं दबून राहतो. बाळात तसं होत नाही. उपचार न मिळालेल्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी जातात. 2008 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की लक्षणांची वाट न बघता पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू केलं, तर मृत्यू 76 टक्क्यांनी कमी होतात. उशिरा कळणं म्हणजे इथे बहुतेक वेळा न कळण्यासारखंच.

तपासणीतून कुणाचं बाळ सुटतं

आता हा 18 महिन्यांचा हिशोब पेठ तालुक्यातल्या एखाद्या बाईवर मांडून बघा. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात. पहिलटकरीण, म्हणून सातव्या महिन्यात माहेरी. बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, जिथे तिची फाइल नाही आणि ती आपणहून सांगायला धजत नाही. सव्वा महिना झाला की परत सासरी. तेवढ्यात द्राक्षबागांच्या गोडी छाटणीचे दिवस येतात आणि मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरी नाहीतर निफाडकडे जायची वेळ होते. छाटणी, पुढे विरळणी, मुक्काम बागेच्या कडेला. बाळ झोळीत. दीड महिन्याची तपासणी कुठल्या गावच्या यादीत? आशाताई सासरच्या पाड्यावर विचारते, तिथे कुलूप. बागेच्या गावातली आशा हिला ओळखत नाही. नाशिकच्या केंद्रात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादमाला कारण सांगावं लागतं.

एसटीच्या सवलतींमध्ये एचआयव्हीबाधितांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. चांगली सोय आहे, पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि गाडीत गावातलीच चार माणसं बसलेली असतात. त्यामुळे अनेकजणी तिकीट काढतात. सोय कागदावर असणं आणि वापरता येणं यातलं हे अंतर आरोग्याच्या प्रत्येक योजनेत तपासून बघायला हवं, असं मला वाटतं.

यात अशक्य काहीच नाही. दीड महिन्याची तपासणी आणि पेंटाची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची, पहिली मात्रा एकाच दिवसाची आहे. लसीकरणाच्या सत्रात बागेवरची बाळंही येतात. तिथल्या सिस्टरला आईचं कार्ड बघून ती नोंद ओळखता आली पाहिजे, चार लोकांत न बोलता. बाई माहेरी निघते तेव्हा गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या द्याव्यात आणि माहेरच्या केंद्राला फोन आधीच जावा. छाटणीचा हंगाम दर वर्षी त्याच महिन्यांत येतो. बागायतदाराला मजूर कधी येणार ते ठाऊक असतं, तसं आरोग्य खात्यालाही असायला हवं.

जगाच्या पातळीवरही हेच चित्र दिसतं. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार 2023 साली एचआयव्हीसह जगणाऱ्या मोठ्या माणसांपैकी 77 टक्क्यांना औषध मिळत होतं, 14 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हेच प्रमाण 57 टक्के. एकूण बाधितांत मुलं 3 टक्के, पण एड्सने होणाऱ्या मृत्यूंत 12 टक्के. मुलांचं औषध नेहमी मागून येतं. टीएलडीतलं एक औषध, डोलुटेग्राविर, मोठ्यांसाठी 2013 साली मंजूर झालं, तान्ह्यांना पाण्यात विरघळवून देता येईल अशी गोळी 2020 साली. मधली सात वर्षं अनेक मुलांनी तोंड वेडंवाकडं करत कडूजहर सिरप प्यायलं, थुंकून टाकलं, आणि आयांनी ते पुन्हा पाजलं. नव्या गोळीला स्ट्रॉबेरीची चव आहे.

लागण न झालेल्या बाळांनाही लगेच यादीतून काढू नये. एचआयव्ही असलेल्या आईच्या पोटी जन्मलेली निरोगी बाळंही इतरांपेक्षा कमी वजनाची असण्याची आणि पहिल्या वर्षात जास्त आजारी पडण्याची शक्यता असते. घरात एक कमावता आजारी, दुसरी आजारी, की मुलाच्या ताटावर परिणाम होणारच. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेत अशा कुटुंबातल्या मुलांना दरमहा मदत मिळते, आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांसाठी एचआयव्हीबाधित व प्रभावित मुलांचा समावेश वंचित गटात आहे. हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

आईकडून बाळाला होणारी लागण संपवली, असं जागतिक आरोग्य संघटनेने क्युबाला 2015 मध्ये, थायलंडला 2016 मध्ये आणि श्रीलंकेला 2019 मध्ये प्रमाणपत्र दिलं. भारताचंही तेच उद्दिष्ट आहे. त्याची एक अट अशी की अंगावरचं दूध पाजणाऱ्या देशांत लागणीचं प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली हवं. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. देशाची सरासरी चांगली असून भागत नाही. सगळ्यात मागे पडलेल्या भागातही ही उद्दिष्टं गाठली आहेत का, हे तपासतात. नाशिक जिल्ह्याला हीच फूटपट्टी लावायची तर सुरुवात शहरापासून करून चालणार नाही. सुरगाण्यात आणि पेठेत किती बाळांच्या टाचेचे थेंब दीड महिन्यालाच कार्डावर पडले, हे आधी मोजावं लागेल.

तुमच्या घरात, शेजारी किंवा कामावर कुणाला याबद्दल विचारायचं असेल, तर 1097 हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. नाव न सांगताही बोलता येतं.